सिंगल हँड

हात मिळवण्याआधी इंजिनाला हात लावला.
गार होतं.
जुबेर मिस्त्रीने बजावलं होतं,
गरम लागलं तर चहा पिऊन सरळ परत ये,
मालकाने पहाटेच उठवून बसवलीय समज.

देवपुरात सकाळचे साडेसहा,
वैशाखातल्या धुळ्याचा
तेवढाच काय तो माणसात असलेला तास.
झुलाल देवरे, भूमी अभिलेखातून निवृत्त,
गाडीवरची चादर दुमडत होते,
कोपऱ्याला कोपरा लावून,
मोजणीचा नकाशा मिटावा तशी.
थंडरबर्ड, तीनशे पन्नास, दोन हजार चौदाची,
अडतीस हजार किलोमीटर.
“सिंगल हँड,” ते म्हणाले. “पंच्याण्णव.”

मी उकिडवा बसलो.
चेसिस नंबर कागदाशी ताडला.
फोर्कच्या नळीवरून बोट फिरवलं, तेल नाही.
स्पोक पेन्सिलीने वाजवले एकेक,
एकच बद्द बोलला.
मागचा टायर काठाला तडकलेला,
तो त्यांनी आपणहून दाखवला.
टाकीत टॉर्च मारला. गंज नव्हता,
तळाशी हलणारा माझाच एक डोळा.

मागच्या पायटेकणीशी थांबलो.
उजवी कोरी,
रबराला साच्यातले केस अजून तसेच.
डावी झिजून लोखंडाला भिडलेली.
म्हणजे एवढे हजार किलोमीटर
कुणीतरी एका अंगाला पाय सोडून बसलं होतं.
विचारलं नाही.
गाडी बघायला आलेल्याने
किती बघावं याला माप असतं.

माझी स्प्लेंडर त्यांच्या अंगणात तारण ठेवून
निघालो. दुसऱ्या किकला बोलली.
पांझरेच्या पुलावर मोकळी सोडली,
भाजीच्या रिक्षामागे पुन्हा आवरली.
ब्रेक सरळ धरते.
हँडल क्षणभर सैल सोडून पाहिलं,
कुठे ओढत नाही.
डावा आरसा तेवढा चुकीचा.
रस्ता दिसतच नव्हता त्यात.
माझा खांदा, आणि खांद्यामागे
सीटला नाडीने बांधलेली
गोधडीच्या तुकड्याची रिकामी उशी.
नीट करायला हात उचलला,
मग म्हटलं, अजून आपली नाही.

लळिंगच्या चढावर ट्रक रांगत होते.
तिसऱ्यात टाकली, पिळली,
आणि गेअर सुटला.
इंजिन ओरडलं, गाडी नुसतीच तरंगली,
मागून कंटेनरचा हॉर्न.
पुन्हा टाकला. पुन्हा सुटला.
वर जाऊन कडेला थांबलो.
खाली किल्ल्याच्या सावलीत मेंढरं बसलेली,
इंजिन टिकटिक करत निवत होतं.
मनात पाच हजार कापले.
मग आठ.

“कशी वाटली?”
“छान आहे.”
पुढचं कसं सांगावं ते मी शोधत होतो,
तेही बहुधा तेच शोधत होते.
जाळीच्या दारातून कोकिळाबाई,
मनगटापर्यंत पीठ.
“गाडी चांगली शे, भाऊ.
पन तिसरा गेर घाटमा सुटस.
यास्नी सांगं का?”

देवरे चादरीची घडी उगाच परत घालू लागले.
“तुला काय कळतं गं गेअरमधलं?”
“मांगे बसनारले समदं कयस.”

पायऱ्या तीनच. त्या उतरताना
त्यांनी भिंत धरली,
डावा पाय आधी, मग श्वास, मग उजवा.
मग मीही विचारलं नाही, का विकताय.

पंच्याऐंशीला ठरलं.
जुबेर फोनवर म्हणाला,
गेअरबॉक्स उघडू, सहा हजारांत बसेल,
चहा पाजलाय का त्यांनी?
पाजला होता.

“हाई उशी गाडीसंगे नई,” बाई म्हणाल्या,
आणि पिठाच्या बोटांनी नाडी सोडू लागल्या.
गाठीवर गाठ, घट्ट, उन्हापावसाने कडक झालेली.
कुणी मदतीला गेलं नाही.

मी फॉर्म एकोणतीसवर सही करत होतो.
तेवढ्यात देवरेंनी
डावा आरसा दोन बोटांनी बाहेर फिरवला, रस्त्याकडे.
जरा जास्तच फिरला,
त्यात समोरच्यांचं कंपाउंड आलं,
वाळत घातलेले पापड आले.
मग थोडा परत घेतला.