पाटे

अक्कलकोट रोडला, बंद कारखान्याच्या शेडमागं
आमची चाकांवरची खोली जॅकवर उभी,
नाल मारायला एक पाय उचलून धरलेल्या बैलासारखी.

टायर आतल्या कडेनंच झिजलाय.
बाहेरून बघणाऱ्याला नवाच वाटेल.
पंक्चरवाला म्हणाला, बदला, चार हजार.
पण मी बत्तीस वर्षं मागांचा जॉबर.
धागा तुटतो तिथं दोष क्वचितच असतो.
पोतं अंथरलं, टॉर्च दातात धरून आत सरकलो.
पाट्यांचा मधला बोल्ट तुटलेला,
ॲक्सल बोटभर मागं.
किती दिवस तिरकी चालत होती बिचारी, काही न बोलता.

नागमणी नट मोजून शेंगाचटणीच्या डब्यात टाकते.
ओकटि, रेंडु, मूडु.
मोजते तेलुगूत, रागावते मराठीत.
चौथा हलेना.
पान्याला पाईप जोडून मी लोंबकळलो.
"सरका तिकडं."
पदर खोचून ती पाईपवर उभीच राहिली.
कर्रर्र.
माग भंगारात गेल्यापासून
एवढा चांगला आवाज कानावर पडला नव्हता.

मग सात पाटे, रॉकेल, ग्रीस, नवा बोल्ट,
दुपारचं बेचाळीस डिग्री ऊन,
कडक भाकरी काळ्या बोटांनीच.

संध्याकाळी जॅक उतरवला.
खोली जरा कुरकुरली, बसली.
"पन्नास किलोमीटरनं नट परत आवळायचे," मी म्हणालो.
"पन्नासला काय येतं?"
"हैदराबाद रोडनं गेलो तर नळदुर्ग."
तिनं डबा पुसला, चटणी भरली.
पाना मात्र वरच ठेवला,
तिच्या बाजूला.