टवका

गुरुबसप्पा म्हणाला, "आठवडाभर म्युझियमात राबलीस,
अन् पगार?"
"नाही."
"मग माझंच बरं की,"
आणि किल्ल्यांचा जुडगा त्यानं परत कमरेला खोचला.

तेरच्या या म्युझियमात दुपारी कुणी नसतं.
एक पंखा, एक पाल,
काचेआड मातीच्या बायका:
कुणाला हात नाही,
कुणाचं नुसतंच हसू उरलेलं.
स्टुलावर बसून मी सांगत गेले.

जर्मन भाषेच्या वर्गाचा तो नियमच होता,
आठ दिवस कुठंतरी काम करून यायचं.
अलेप्पोच्या रानियाला बेकरी आली,
हनोईच्या एका पोराला सायकलींचं दुकान,
माझ्या चिठ्ठीवर म्युझियम.
एल्बेच्या काठी, तळघरात,
बाहेर कुठलाही महिना असो, आत अठराच अंश.

सोमवारी हातमोजे दिले. निळे.
माझ्या बोटांना मोठे, टोकांशी रिकामे.
घड्याळ काढा, अंगठी काढा.
लग्नातल्या बांगड्या काही निघेनात.
फ्राउ ल्युडेके साबण घेऊन आली,
मग थांबली, म्हणाली, राहू द्या, वरून पट्टी गुंडाळा.
म्हणून आठवडाभर माझी मनगटं
पडून आलेल्या माणसासारखी,
आणि हात हलवला तरी आवाज नाही.

मंगळवारी खापरं.
एकेक उचलायचं, दिव्याखाली फिरवायचं,
काय काय गेलंय ते कागदावर लिहायचं.
टवक्याला त्यांचा शब्द मला येईना,
मी बोटानं दाखवलं.
ती म्हणाली, एवढ्यानं भागत नाही. जुना की नवा?
जुन्या टवक्याची कड मळलेली असते,
अंगाचाच रंग धरलेली.
नवा आतून उजळ दिसतो, कोरडा.
जुन्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही.
नव्याबद्दल विचारतात,
कुणाच्या हातून?

बुधवार आठवत नाही.
शेंगदाण्याची चटणी तेवढी आठवते,
लसणाचा वास नको म्हणून
बाहेर बाकावर बसून, घाईघाईनं खाल्लेली.

गुरुवारी एक खण ओढला,
कापसात अकरा मणी. भाजक्या मातीचे.
चिठ्ठीवर जुनी तपकिरी शाई:
दख्खन. बहुधा.

गुरुबसप्पा, बहुधा!
इथं पांढरीवर शेळ्या हिंडल्या
की खुरांनी वर येतात, तसेच, तेच.
चौथीत असताना मी सुतळीत ओवून
आमच्या बोकडाच्या गळ्यात घातले होते,
शेपटीपर्यंत मिरवत होता तो.

हे तिला सांगायचं म्हणून वाक्य जुळवलं,
क्रियापद पार शेवटाला ठेवलं, आपल्यासारखंच.
पण कागदावर रकाने होते
लांबी, रुंदी, वजन, अवस्था.
बोकडाला रकाना नव्हता.
आणि वाक्याच्या नादात
मोज्याच्या रिकाम्या टोकातून
एक मणी निसटला.

फरशीवर टक्क वाजलं.
तळघरात कुणी मान वर केली नाही.

मी तो उचलून कापसात ठेवला
आणि लिहिलं: मणी अकरा.
एकाला टवका.
जुना.

शुक्रवारी त्यांनी प्रमाणपत्र दिलं, चॉकलेटचा डबा दिला.
फ्राउ ल्युडेके म्हणाली, तुमची नजर चांगली आहे.

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही.
रानियालाही नाही. तिनं आठवडाभर पाव जाळले
आणि सगळ्यांना हसत हसत सांगितले.

गुरुबसप्पानं काच पुसली,
होती तेवढीच धूळ इकडची तिकडं झाली.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "मातीचाच हाय न्हवं?"
"हो."
"मग मळंल की.
हळूहळू."

साडेपाचला त्यानं शटर ओढलं.
शेळ्या परतायला लागल्या होत्या.
मी घरी पांढरीवरूनच गेले,
खाली न बघता.