वायर

ओहायोत मावसबहिणीने आतली खोली दाखवली,
नवी चादर, टॉवेलांची घडी.
आम्ही झोपलो तिच्या अंगणात, मोटरहोममध्येच.
आर्लिस म्हणते, पाहुण्याने आपलं घर सोबत आणावं,
म्हणजे आपलं भांडण दुसऱ्याच्या घरात सांडत नाही.

नेब्रास्कात भाचीची पोरं
गाडीतला संडास बघायला रांगेत उभी.
मग तीनशे मैल नुसता मका,
आणि कुठल्याशा कप्प्यात किणकिणणारा चमचा,
जो दोघांनाही सापडला नाही.

माँटानात व्हर्लिन.
अकरा वर्षं आमचं बोलणं नाही,
बापाच्या ट्रॅक्टरपायी.
घरात दिवा होता. दार उघडलं नाही.
मी इंजिन बंद केलं.
आर्लिसने सूप वाढलं, काही न विचारता.
बॅटरी उतरत आलेली, तिचा चेहरा धड दिसेना.

दहाच्या सुमारास
स्वयंपाकघराची खिडकी वीतभर सरकली
आणि नारिंगी वायर गवतात येऊन पडली.
नुसती वायर.

जोडली. फ्रिज घुरघुरू लागला.

सकाळी मागच्या चाकात हवा भरलेली,
त्याचा पिकअप जागेवर नाही.
मी वायर गुंडाळून पायरीवर ठेवली,
बाप गुंडाळायचा तशी:
अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर,
शेवटचं टोक आत खोचून.