कीर्दीतलं पान

शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर मी कीर्द लिहायचो.
शुक्रवार, बारा मे, साल चव्वेचाळीस:
गूळ जमा, चाळीस रवे. त्यातले सहा पाझरलेले.
हमाली सव्वा रुपया.
मुंग्यांसाठी हळद, एक आणा.
त्या दिवशी काही घडलं नाही
म्हणून पान एवढ्यावरच संपलंय.

श्रावणात हौसाबाई मगदूम पत्र घेऊन आली.
वाचून दाखवा म्हणाली, हळू नको, मोठ्यानं.
गावाचं नाव कात्रीनं कापलेलं,
तारीख तेवढी शाबूत. बारा मे.
‘आये, हितं आसामात डोंगुर लई.
आज विमानातनं पाणी टाकलं.
निम्मं आमच्याकडं पडलं, निम्मं त्यांच्याकडं.
ते बी प्यालेच असतील.’

दसऱ्याच्या आधी मुल्लाणींचा म्हातारा,
त्याचं पत्र इटलीचं.
नदी म्हणे आपल्या पंचगंगेहून अरुंद,
पण रात्रभर उतरून संपली नाही.
बारा तारखेला उजाडलं ते धुक्यात.
पूल अर्धा. अर्ध्या पुलावर बाबालाल.
अक्षर बाबालालचं नव्हतं.
म्हाताऱ्यानं कागद हुंगला, घडी घातली,
पेंडीचा भाव विचारला.

मग वळिवड्याच्या छावणीतली ती पोलंडची बाई,
हालिना. शेरभर गूळ घ्यायची, मोडकं मराठी बोलायची.
नवऱ्याचं शेवटचं पत्र तिनं पुढं धरलं:
बारा, टिंब, आणि इंग्रजी व्ही.
मी म्हटलं, व्ही म्हणजे विजय ना?
भिंतीभिंतीवर तोच रंगवलेला होता तेव्हा.
ती नाही म्हणाली. बोटं मोडत गेली,
एक, दोन, तीन, चार,
अंगठ्यावर थांबली. पाच. पाचवा महिना.
तो बी इटली, म्हणाली. डोंगर. वर मठ.
गुळाचे पैसे तिनं मोजून दिले,
मी परत करायला विसरलो.

संध्याकाळी जुनी कीर्द काढली.
पानाला गूळ लागलेला, पानं चिकटलेली,
नखानं सोडवली.
तीन ठिकाणचा एक दिवस
आणि आमचा चौथा, मुंग्यांचा.
कुठं लिहायचं हे?
डावीकडं जमा, उजवीकडं नावे.
पंधरा वर्षं लिहीत आलो तो शब्द,
नावे,
त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

मालक गादीवरून म्हणाले, काय हो,
शिल्लक जुळत नाही काय?
म्हटलं, जुळती की.
पैला पै.