दीड तोळा

पूर ओसरला, भिंतीवर कमरेएवढी रेघ ठेवून.
परसातल्या आडात पाणी निवळ दिसत होतं.
सासरे म्हणायचे, नळाला काय चव हाय, आडाचं प्या.
फोटोतून अजून तेच म्हणतात.

आरोग्य केंद्रातल्या शमशादबाईंनी छोटी बाटली दिली:
खुणेपर्यंत भरा, आत बोट लावू नका, उबेत ठेवा.
फ्रिजच्या मागं ठेवली, जुन्या स्वेटरात गुंडाळून.
रात्री दोनदा उठून पाहिली,
ताप आलेल्या पोराकडं बघावं तशी.

दुसऱ्या दिवशी सांजेला बाटली काळी.
तव्याच्या बुडासारखी काळी.
फोटोकडं बघायचं मी टाळलं.

दस्तगीरनं आधी कंदील सोडला खाली.
कंदील जळत राहिला, मगच तो उतरला.
गाळातून वर आलं ते असं:
एक पितळी फुलपात्र, डाव्या पायाची चप्पल,
साबणाची डबी. उघडली,
तर आत गाळाचीच वडी, नीट बसलेली.

मग हिशेब. पोरानं वहीत मांडला:
व्यास चार फूट, पाणी वीस फूट, लिटर सात हजार.
ब्लीचिंग पावडर अठरा ग्रॅम.
घरचा काटा पन्नासाच्या आत बोलतच नाही.
तेव्हा पुडी घेऊन गुजरीत गेले.

वामन पोतदार म्हणाले, "वहिनी, हा सोन्याचा काटा हाय."
म्हटलं, "म्हणूनच आले."
त्यांनी गुलाबी कागद पसरला, श्वास रोखून
चिमटीनं पावडर सोडत गेले.
"दीड तोळा, वर गुंजभर."
आणि शिंकले. निम्मी पेढी पांढरी झाली.
पुन्हा पहिल्यापासून.

बादलीत कालवलं, गाळ बसू दिला,
वरचं पाणी आडात ओतलं,
पोहरा खालीवर, खालीवर, दंड भरून येईपर्यंत.

नवी बाटली दोन दिवस झाले तरी तांबूसच आहे.
चहाला मात्र दवाखान्याचा वास येतोय,
पोरगा नाक दाबून पितो.

आता राहिला विजापुरेंचा शोषखड्डा.
भिंतीपलीकडं, माझ्या पावलांनी अकरा.
तीनदा मोजलं, अकराच.
चाळीस वर्षांचा शेजार, लग्नाकार्यात एक चूल.
कुठल्या तोंडानं सांगू?

काळी बाटली टाकली नाही अजून.
खिडकीत आहे, पदराआड मावेल एवढी.
उद्या त्यांना चहाला बोलवीन म्हणते.
वास कशाचा, हे त्याच विचारतील.