पीळ

वेंगुर्ल्याच्या बंदर रोडला, बर्फाच्या कारखान्यासमोर
माझं पार्लर. दोन खुर्च्या, एक आरसा,
आणि दोनशे तीस डिग्रीला तापणारी इस्त्री,
जिचं कर्ज गेल्या दिवाळीत फिटलं.

कस्तुरी आली ती दप्तरासकट.
भावाची मुलगी. सातवी. शुक्रवारी निरोप समारंभ.
डोक्याला ओढणी, जखम बांधावी तशी घट्ट.
"आत्ये, माजे केस सरळ करून दी.
तू तुजे केलंस तशे."

वर्गात तिला काथ्यो म्हणतात.
मागच्या बाकावरचा कुणी केसांत पेन्सिल खोचतो
आणि ती पडत नाही म्हणून सगळे हसतात.
हे तिनं आरशातल्या माझ्याकडे बघून सांगितलं,
माझ्याकडे नाही.

मी इस्त्री लावली. लाल दिवा.
तो हिरवा व्हायला थोडा वेळ जातो.

तेवढ्यात बाबा आठवले, होडीच्या नाळीवर बसलेले,
मीठ सुकून पांढरट झालेलं कुरळं डोकं.
एकदा त्यात कोळंबी सापडली होती, जिवंत,
आई चार दिवस हसत होती.
कंगवा त्यांनी जन्मात घेतला नाही.
बंदरात नायलॉनचे दोर आले
तेव्हा हातात घेऊन म्हणाले,
"गुळगुळीत आसा. पण गाठ रवणा नाय तेका."
आणि आपला सुंभ परत खांद्यावर टाकला.

मी एकोणीसची होते. बघायला आलेल्या बाई म्हणाल्या,
मुलगी बरी आहे, केस तेवढे चापून बसवा.
बसवले. चौदा वर्षं बसवतेय.
जळक्या केसांचा वास असा की
समोरून बांगड्यांचा टेम्पो गेला तरी कळत नाही.

दिवा हिरवा झाला.

मी बटण बंद केलं.
काही थोर सुचलं म्हणून नव्हे;
कपाळाजवळची माझी एक बट
घामानं वळून परत जागेवर गेली होती
आणि कस्तुरीनं ती पाहिली.
"तुजी पण?"
"माजी पण."

मग मोरीत बसले, डोक्यावर विहिरीचं पाणी घेतलं.
मुळापाशी चार बोटं पीळ उठला,
खाली सगळे खराट्याचे हीर.
ती बराच वेळ बघत राहिली.
मग ड्रॉवरमधून कात्री तिनंच आणली.
चौदा वर्षं फरशीवर पडली, आवाज न करता.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही
हे मी आजवर शिवीसारखं ऐकलं होतं.

नंतर तिची पाळी.
जास्वंदीची पानं चुरगळून त्याचा बुळबुळीत रस,
फणी नको, बोटं, आणि केस ओले असतानाच.
गुंता खालून वर सोडवायचा.
पुसायचं नाही, बाबांच्या जुन्या पंचानं टिपायचं.
वर खोबरेल, घाण्याचं, नखभर.
सुरंगीचा वळेसर नुसता ठेवला,
पिन लावली नाही. राहिला.

शुक्रवारी ती पेन्सिल स्वतःच खोचून गेली.
भाषणं झाल्यावर सगळे सह्या मागू लागले
तेव्हा डोक्यातून काढून
प्रत्येकाच्या वहीत लिहिलं: कस्तुरी कुबल.
मागच्या बाकावरच्याच्या वहीतही.
त्यानं काय केलं, ते तिनं सांगितलं नाही.

शनिवारी शिरोड्याची नवरी होती.
तिला सरळ हवे होते, मी करून दिले.
कर्ज फिटलं, विजेचं बिल फिटायचंय.

बाहेर पायरीवर कस्तुरी,
मांडीत बर्फवाल्या तांडेलांची चार वर्षांची पोर,
ओलं, फुगलेलं, रडवेलं डोकं.
बोटं खालून वर चालली होती.
"रडा नको गो. थांब.
हय एक बारीक लाट आसा,
ती सुटली की झाला."