सार्डिनचा डबा

बाउदो नदीकाठची माणसं आम्ही,
आणि मदतीच्या पिशवीतून निघाला
मासा. डबाबंद, तेलात निजलेला,
कुठल्या समुद्रातला कुणास ठाऊक.
युकारिस इतकी हसली की रांग खोळंबली.

बास्केटबॉलच्या कोर्टावर, फ्री-थ्रोच्या रेषेपासून
खांबापर्यंत तिचं घर:
सात माणसं, एक कोंबडी.
कोंबडीला रकाना नव्हता,
निळ्या जाकिटातल्या पोरानं ती समासात लिहिली.

दूर देशचा पोरगा. स्पॅनिश लंगडत बोलायचा.
"परत कधी जाणार?"
फॉर्मातच होता तो प्रश्न,
विचारताना त्यानं मान वर केली नाही.

"भुईत काय पेरून गेलेत ते,"
म्हातारा एलिएसर म्हणाला,
"आधी कुणीतरी उपटून काढा.
माझ्या भावाचा पाय
त्यातल्याच एका वाफ्यात आहे."
मग पोरानं बराच वेळ पेनाचं टोपण शोधलं.
हातातच होतं.

रात्री डबा रिकामा झाला तेव्हा
युकारिसनं तो राखेनं घासला, पुसला,
उशाशी ठेवला.
म्हणाली, होडीत पाणी भरतंच,
उपसायला काहीतरी हवं.

होडी कुठे आहे,
ते मी विचारलं नाही.